‘काका, हल्ली इथे एच५ खेळतात’: नायडॉर्फची थिअरी बदलत राहते, ती सांभाळायची कशी?

दोन वर्षांपूर्वीची, ऐन पावसाळ्यातली रविवारची बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा हॉल, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत लांब बाकांवर मांडलेले पट. चौथ्या फेरीत माझ्यासमोर तेरा वर्षांचा मुलगा बसला होता आणि पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मी सिसिलियन बचाव खेळलो आणि पाच चालींत आम्ही माझ्या ओळखीच्या गल्लीत आलो. नायडॉर्फ, सिसिलियनचाच एक धारदार प्रकार. हा बचाव मी बावीस वर्षं खेळतोय. सहाव्या चालीला त्याने अगदी कडेचं प्यादं एकच घर पुढे ढकललं, एच३ (एच ही उभी पट्टी, ३ ही आडवी ओळ). माझ्या वहीत या चालीला अर्धं पान होतं आणि त्यावर शेरा होता, ‘निरुपद्रवी. नेहमीसारखं खेळावं.’

मी नेहमीसारखं खेळलो. प्यादं ई५, त्याचा डी४ वरचा घोडा ई२ ला परतला, मग माझा उंट ई७ आणि किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणं). त्याने जी४ केलं, ई२ चा घोडा जी३ वर आणला, मग जी५. माझा एफ६ वरचा घोडा उठून मागे गेला आणि डी५ चं घर, ज्याच्यासाठी नायडॉर्फमध्ये सगळी मारामारी असते, ते त्याच्या ताब्यात गेलं. एकतिसाव्या चालीला मी हार मानून हात पुढे केला. मोहरी आवरताना तो अगदी सहज म्हणाला, “काका, सातव्या चालीला हल्ली इथे एच५ खेळतात. मग पांढऱ्याला जी४ जमतच नाही.”

घरी येऊन ओले कपडे बदलायच्या आधी मी पट मांडला. काळ्याचं प्यादं एच५ वर ठेवलं आणि तरीही जी४ रेटून पाहिलं. काळा ते प्यादं घेतो, पांढरा एच३ च्या प्याद्याने परत घेतो, आणि तेवढ्यात एच फाईल, म्हणजे एचची उभी पट्टी, मोकळी होऊन काळ्याचा हत्ती थेट एच१ वरचा हत्ती उचलतो. इतकं साधं. मग मी वही पुन्हा पाहिली. त्या शेऱ्याखाली तारीख नव्हती. तो मी केव्हा लिहिला, कुठला डाव बघून लिहिला, हे मला सांगता येईना.

त्या संध्याकाळपासून मी माझी तयारी वेगळ्या पद्धतीने करायला लागलो. थिअरी म्हणजे काय, ती बदलते का, आणि नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्या माणसाने तिच्याबरोबर कसं राहायचं, हे इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

थिअरी म्हणजे नेमकं काय

ओपनिंगची थिअरी म्हणजे आजवर खेळल्या गेलेल्या आणि तपासल्या गेलेल्या सुरुवातीच्या चालींचा साठा. कुणी ठरवून दिलेला नियम नाही. लाखो डाव झाले, त्यातून काय टिकलं आणि काय कोसळलं याची नोंद झाली, तिला आपण थिअरी म्हणतो. पटावरच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावं असतात, तेवढं माहीत असलं की ही नोंद वाचता येते.

नायडॉर्फची सुरुवात अशी. १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४, काळा डी४ वरचं प्यादं घेतो, ४. घोड्याने परत घेतलं, काळ्याचा घोडा एफ६ ५. घोडा सी३ ए६.

पाचव्या चालीचं ते ए६ पाहिलं की नवशिक्याला वाटतं, मोहरी बाहेर काढायची सोडून हा कडेचं प्यादं एक घर का सरकवतोय? उत्तर असं की काळ्याला खरं तर ई५ खेळून डी४ च्या घोड्याला हुसकावायचं आहे. पण ते लगेच केलं तर पांढरा उंट बी५ वर आणून शह देतो आणि त्या गडबडीत काळ्याची पांढऱ्या घरांवरची पकड सुटते. ए६ ने आधी बी५ चं दार लावून घेतलं. शिवाय पुढे बी५ खेळून वजिराच्या बाजूला पसरायची सोय झाली. एका छोट्या चालीत तीन कामं.

ज्यांच्यामुळे हे नाव पडलं ते मिगेल नायडॉर्फ पोलंडचे. १९३९ मध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेसाठी, ब्युनोस आयर्सला गेले असताना महायुद्ध पेटलं आणि ते अर्जेंटिनातच राहिले. मागे राहिलेलं कुटुंब त्यांनी गमावलं. (त्याच अर्जेंटिनात २००९ मध्ये आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने मुलींचं ज्युनिअर जागतिक विजेतेपद जिंकलं, म्हणून मला तो देश बुद्धिबळाच्या नकाशावर कायम जवळचा वाटतो.)

आता ‘धारदार’ बचाव म्हणजे काय? शांत ओपनिंगमध्ये एखादी चाल विसरली तर तुमची परिस्थिती थोडी अवघडते, पुढचे दोन तास नीट खेळून डाव वाचवता येतो. नायडॉर्फमध्ये पांढरा बहुतेक वेळा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो आणि राजाच्या बाजूची प्यादी तुमच्यावर सोडतो. तुम्ही दुसऱ्या बाजूने त्याच्या राजाकडे निघालेले असता. कोण एक चाल आधी पोचतो यावर सगळं ठरतं. तिथे एक चाल विसरली तर डाव वाचवायला दोन तास मिळत नाहीत, वीस मिनिटांत मात होते. म्हणून या बचावात थिअरीला इतकं महत्त्व.

एका दुपारी तीन डाव

थिअरी कशी बदलते हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला मी नेहमी १९५५ ची गोटेबोर्गची गोष्ट सांगतो. स्वीडनमधली ती इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा. एका फेरीत तीन अर्जेंटिनी खेळाडूंची तीन सोव्हिएत खेळाडूंशी गाठ पडली: पान्नो विरुद्ध गेलर, नायडॉर्फ विरुद्ध केरेस, पिल्निक विरुद्ध स्पास्की. तिन्ही अर्जेंटिनी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते आणि तिघांनी घरून एकच तयारी करून आणली होती. पांढऱ्याचा उंट जी५ वर येतो त्या प्रकारात, नवव्या चालीला जी५ वर प्यादं टाकून पांढऱ्याची प्याद्यांची फळी फोडायची आणि ई५ चं घर घोड्यासाठी मिळवायचं. कल्पना छानच होती.

तिन्ही पटांवर तीच स्थिती आली. तिन्ही पटांवर पांढऱ्याने अकराव्या चालीला ई६ वर घोड्याचा बळी दिला. प्याद्याने घोडा घेतला, वजिराने एच५ वरून शह दिला, राजा एफ८ वर सरकला. मग तेराव्या चालीला पांढऱ्याचा उंट बी५ वर, चक्क ए६ च्या प्याद्याच्या तोंडात. घेतला तर पांढरा किल्लेकोट करतो आणि मोकळ्या झालेल्या एफ फाईलवरून हत्तीचा शह बसतो. ज्या बी५ च्या घराचं दार लावायला ए६ खेळलं होतं, नेमका त्याच घरावर उंट येऊन बसला. तिन्ही डाव काळा हरला, एका दुपारी, एकाच प्रकारात.

आता सांगा, हा प्रकार संपला का? त्या वेळी सगळ्यांना तसंच वाटलं. पण तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, पोर्टोरोझच्या इंटरझोनलमध्ये अमेरिकेचा पंधरा वर्षांचा बॉबी फिशर युगोस्लाव्हियाच्या ग्लिगोरिचविरुद्ध मुद्दाम याच वाटेने गेला. तेराव्या चालीला त्याने हत्ती एच८ वरून एच७ वर आणला. बस, एक घर. हत्ती त्या घरावरून सातवी ओळ राखतो आणि काळ्याचा राजा तग धरतो. डाव बरोबरीत सुटला आणि फिशर कँडिडेट्ससाठी, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठी, पात्र ठरला.

ही गोष्ट मला फार आवडते, कारण यात थिअरीचा सगळा स्वभाव आहे. एकाने विचारलं, ‘जी५ टाकलं तर?’ दुसऱ्याने उत्तर दिलं, ‘घोड्याचा बळी आणि उंट बी५.’ तिसऱ्याने तीन वर्षांनी म्हटलं, ‘आणि हत्ती एच७?’ हे वर्षानुवर्षं चाललेलं बोलणं आहे. ज्याला चाली पाठ आहेत त्याला फक्त कालचं वाक्य माहीत असतं. ज्याला प्रश्न माहीत आहे त्याला आजचं वाक्य ऐकल्याबरोबर कळतं.

नायडॉर्फची जवळजवळ प्रत्येक शाखा अशा सवाल-जवाबातून घडली आहे. एक उदाहरण सावकाश पाहू, कारण वही ठेवायची माझी पद्धत यातूनच आली. पांढऱ्याला सहाव्या चालीला उंट ई३ वर आणायचा असतो, मग एफ३, वजीर डी२, मोठा (वजिराच्या बाजूचा) किल्लेकोट आणि जी४. याला इंग्लिश अटॅक म्हणतात, कारण १९८० च्या दशकात इंग्लंडच्या खेळाडूंनी तो घडवला. काळ्याने विचारलं, उंट ई३ वर येताच मी घोडा जी४ वर टाकून त्याच्याच मागे लागलो तर? कास्पारोव्हने १९९० च्या दशकात ही चाल गाजवली. मग पांढरा म्हणाला, ठीक आहे, मी आधी एफ३ खेळतो, म्हणजे जी४ चं घर बंद. त्यावर काळा म्हणाला, मग उंट अजून ई३ वर आलेला नाही, डी४ च्या घोड्याला आधार कमी आहे, मी वजीर बी६ वर आणतो. चालींची अदलाबदल एवढीच, पण प्रत्येक अदलाबदलीमागे एक तक्रार आहे. ती तक्रार कळली की पाठ करायला फारसं उरत नाही.

आणि एच३? ती चाल तर जुनीच. १९६२ च्या वार्ना ऑलिंपियाडमध्ये फिशरने खुद्द नायडॉर्फविरुद्ध ती खेळून चोवीस चालींत डाव जिंकला होता. मग अनेक वर्षं ती मागे पडली. माझी वही त्या मधल्या काळातली. पुढे ती परत आली, कारण तिच्यातही एक उत्तर दडलेलं होतं. एच३ ने जी४ ला आधार मिळतो आणि काळ्याच्या घोड्याला जी४ वर उडीही मारता येत नाही. दोन तक्रारींवर एकच औषध. काळ्याचं आजचं उत्तर, एच५, हे त्याच बोलण्यातलं पुढचं वाक्य.

विषारी प्यादं आणि इंजिनचं शून्य

या बचावातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण म्हणजे विषारी प्यादं. ६. उंट जी५ ई६ ७. एफ४ वजीर बी६ ८. वजीर डी२, आणि काळ्याचा वजीर बी२ वरचं प्यादं उचलतो. एकटा वजीर शत्रूच्या घरात, बाकीचं सैन्य अजून बराकीत. १९७२ च्या रेक्याविकच्या, स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशरने हे दोनदा केलं. सातवा डाव बरोबरीत सुटला. अकराव्या डावात स्पास्कीने चौदाव्या चालीला सी३ वरचा घोडा उचलून परत बी१ वर, त्याच्या मूळ घरी ठेवला. सगळे पुढे जाण्याचा विचार करत असताना तो घोडा घरी गेला आणि काही चालींत फिशरचा वजीर अडकला. त्या सबंध लढतीत पटावर खेळून फिशर फक्त दोन डाव हरला, त्यातला हा एक.

मग यंत्रं आली, म्हणजे डाव तपासणारे संगणक प्रोग्राम. त्यांना इंजिन म्हणतात. आज या प्रकरणातल्या कित्येक मुख्य वाटा तीस चालींपर्यंत तपासून झाल्या आहेत आणि बऱ्याच जणी सतत शहात, म्हणजे बरोबरीत संपतात. इंजिन शांतपणे ०.०० दाखवतं.

इथे थांबून हा आकडा समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. इंजिन स्थितीला गुण देतं. अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतकी पांढऱ्याची सरशी, उणे एक म्हणजे काळ्याची. शून्य म्हणजे दोघं अचूक खेळले तर बरोबरी. ‘दोघं अचूक खेळले तर’ हे चार शब्द पडद्यावर दिसत नाहीत.

समजा दोन स्थिती आहेत, दोन्हींना शून्य. पहिलीत काळ्यासमोर पाच-सहा चांगल्या चाली आहेत, कुठलीही खेळली तरी चालतं. दुसरीत एकच चाल वाचवते, बाकीच्या सगळ्या हरवतात, आणि पुढच्या चालीलाही तसंच, आणि त्याच्या पुढच्यालाही. इंजिनच्या लेखी दोन्ही सारख्याच. मला मात्र पहिली म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर चालणं आणि दुसरी म्हणजे अंधारात सिंहगडाच्या कड्याने चालणं. म्हणून मी वहीत आकडा लिहितच नाही. त्याऐवजी लिहितो की इथून पुढे काळ्याला किती ‘एकुलत्या चाली’ शोधाव्या लागतात. एखाद्या वाटेत अशा चार-पाच चाली लागोपाठ असतील आणि त्यातली एखादी मला पट पाहून सुचण्यासारखी नसेल, तर ती वाट ०.०० असली तरी मी घेत नाही. उलट, ज्या वाटेला इंजिन पांढऱ्याची किंचित सरशी देतं पण जिथे मला काय करायचंय ते कळतं, ती मी आनंदाने घेतो.

हे मोजायला फार सोपं आहे. इंजिनला एकाऐवजी पहिल्या तीन चाली दाखवायला सांगायच्या. पहिली शून्य आणि दुसरी उणे-अधिक दोनवर गेली असेल, तर ती एकुलती चाल.

यंत्रांमुळे दुसरीही गंमत झाली. वरच्या पातळीवरचा पांढरा खेळाडू विचार करतो की मुख्य वाटेवर समोरच्याने तीस चाली घरी पाहून ठेवल्या आहेत, तर तिकडे जायचं कशाला? म्हणून सहाव्या चालीला हत्ती जी१, ए३, एच४ अशा, जुन्या पुस्तकांत तळटीपेतही न सापडणाऱ्या चाली येऊ लागल्या. विषारी प्याद्याच्याच वाटेत आठव्या चालीला वजीर डी२ ऐवजी शांतपणे ए३ खेळणारेही असतात. त्यात सापळा असा की आता बी२ चं प्यादं घेतलं, तर घोडा ए४ वर येतो आणि वजिराला परतीची वाटच राहत नाही. विष तेच, फक्त एक चाल आधी कालवलेलं.

इंजिनांचं मतही बदलत जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्टॉकफिश हे मोफत इंजिन २००८ पासून आहे, पण २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आलं आणि त्याची समज वेगळी झाली. त्याआधी, २०१७ च्या डिसेंबरात स्वतःशी खेळून शिकलेल्या अल्फाझिरो या प्रोग्रामचे डाव प्रसिद्ध झाले आणि कडेचं प्यादं पुढे रेटण्याकडे सगळ्यांचंच नव्याने लक्ष गेलं. नायडॉर्फमधलं काळ्याचं एच५ आज एच३ विरुद्धच नव्हे, इंग्लिश अटॅकमध्येही सर्रास दिसतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या इंजिनने दिलेला निकाल म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचं बस-वेळापत्रक. थांबा जागेवर असतो, बस येईलच असं नाही.

माझी वही

आता प्रत्यक्ष काम. आप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशे पानी फुलस्केप वही आणि संगणकात तिचीच फाईल. संगणक असताना वही कशाला, असं मुलं विचारतात. हाताने लिहिलेलं मला पटासमोर आठवतं, एवढंच कारण.

प्रत्येक शाखेला एक पान. पानाच्या डोक्यावर चाली लिहायच्या नाहीत, प्रश्न लिहायचा. ‘एच३: पांढऱ्याला जी४ हवंय. मी ते कसं रोखतो, आणि एच५ ने जी५ चं घर कमजोर होतं त्याचं काय?’ त्याखाली माझी उत्तराची वाट, बहुतेक बारा ते पंधरा चाली. त्याखाली तिथून पुढचा बेत दोन वाक्यांत: कुठला उंट ठेवायचा, कुठलं प्यादं फोडायचं, राजा कुठे. आणि शेवटी तारीख, आणि हे कशावरून ठरवलं ते. ‘ऑगस्ट, इंजिन, तीन डाव पाहिले.’ तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी झाली की पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करतो. त्या पानावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

नवीन काय घडलं ते कळण्यासाठी एकेकाळी युगोस्लाव्हियातल्या ‘इन्फॉर्मेटर’ या डावसंग्रहाची वाट पाहावी लागे. १९६६ पासून निघणारा तो खंड हातात पडेपर्यंत काही महिने गेलेले असत, आणि तोवर नवी चाल एखाद्याच्या खिशात सुखरूप राही. आता ‘द वीक इन चेस’ हे संकेतस्थळ दर आठवड्याचे डाव मोफत देतं, १९९४ पासून. लिचेस या संकेतस्थळावर कुठल्याही स्थितीत मोठे खेळाडू काय खेळतात ते फुकट दिसतं. पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळाचे डावही मी पाहतो. तिथे इंजिन वापरायला परवानगी असते आणि एकेका चालीला दिवसचे दिवस मिळतात, त्यामुळे एखादी वाट तिथे टिकली तर ती बहुधा खरंच टिकाऊ असते. ओपनिंगांच्या कोशात नायडॉर्फचे क्रमांक बी९० ते बी९९ आहेत. तेवढे गाळून घेतले की ढिगातून आपल्या कामाचे डाव वेगळे होतात.

ते सगळे डाव पाहायचे नाहीत, नाहीतर आयुष्य पुरणार नाही. प्रत्येक डाव माझ्या पानावरून कुठे बाजूला गेला, ती एकच चाल पाहायची. बाजूला कोण गेलं, पांढरा की काळा? पांढरा गेला असेल तर माझ्यासाठी नवा प्रश्न आलाय. काळा गेला असेल तर कुणालातरी माझं उत्तर पसंत नव्हतं, आणि ते का, हे शोधायला हवं. ही दुसरी खूण मी आधी दुर्लक्षित करायचो. ज्या वाटेवर चांगले काळे खेळाडू हळूहळू जाणं बंद करतात, तिथे पुढे काहीतरी वाईट असतं. कुणी दवंडी पिटून सांगत नाही, फक्त वर्दळ थांबते. पेठेतला एखादा बोळ अचानक रिकामा दिसला की दुचाकीवाला पुणेकर आधी वन-वेची पाटी शोधतो, तसं करायचं.

रविवारी सकाळी पाऊण तास, त्यात एकच पान. मंगळवारी बसमध्ये ते पान मनातल्या मनात पटावर मांडून पाहायचं. आठवड्याभराने पुन्हा एकदा, महिन्याने पुन्हा. मध्ये पाच-पाच मिनिटांचे डाव खेळून तीच स्थिती हाताखालून घालायची. कुठे अडखळलो ते त्याच रात्री वहीत.

आणि काय सोडायचं हेही ठरवून टाकलं आहे. आमच्या पातळीवर मी सिसिलियन खेळलेल्या दहा डावांत नायडॉर्फची पाचवी चाल जेमतेम तीन-चारदा येते. बाकी वेळा पांढरा दुसऱ्याच चालीला सी३ खेळतो, नाहीतर तिसऱ्या चालीला उंटाचा शह देतो, किंवा घोडा सी३ करून बंद सिसिलियनकडे जातो. ज्यांनी विषारी प्याद्याच्या अठ्ठावीस चाली घोटल्या आणि दुसऱ्या चालीच्या सी३ ला उत्तर नाही, असे कितीतरी हुशार खेळाडू मी हरताना पाहिले आहेत. मी स्वतः आता विषारी प्यादं खातच नाही. तो प्रकार सांभाळायला रोज वेळ द्यावा लागतो आणि तेवढा माझ्याकडे नाही. सहाव्या चालीच्या उंट जी५ ला मी एक जुनी, थोडी दबलेली वाट धरून आहे आणि तिचं पान दर वर्षी नवं करतो.

मुलांच्या आई-वडिलांना

पुण्यात हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, म्हणून लिहितो. अभिजित कुंटे २००० मध्ये देशाचा चौथा ग्रँडमास्टर झाला तेव्हापासून इथे मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालायची ओढ वाढतच गेली, आणि २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये त्याच्याच कप्तानीखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकल्यावर तर चौकशा आणखी वाढल्या. त्याच वर्षी टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने घरून तयार करून आणलेल्या उंटाच्या बळीने अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं. असं काही झालं की पालक म्हणतात, आमच्या मुलालाही अशी ओपनिंग पाठ करून द्या.

माझं स्पष्ट मत आहे, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नायडॉर्फ पाठ करून देऊ नये. त्याला सिसिलियनचे खुले डाव खेळू द्या, हरू द्या, घोडा डी५ वर बसला की काय होतं ते एकदा भोगू द्या. फिशर-नायडॉर्फचा तो चोवीस चालींचा डाव पटावर मांडून दाखवा आणि प्रत्येक चालीला ‘का’ विचारा. ज्या मुलाने ‘ए६ का?’ याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत दिलं, त्याला पुढच्या चाली दाखवायला माझी हरकत नाही. मला हरवणारा तो मुलगा एच५ सांगून थांबला नव्हता. ‘मग पांढऱ्याला जी४ जमतच नाही’ हेही त्याने सांगितलं होतं. त्याला शिकवणाऱ्याचं काम चोख होतं.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका स्पर्धेत तो पुन्हा भेटला. आता उंचीने माझ्या खांद्याला लागतो. आमची गाठ पडली नाही, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये जिन्यात बसून आम्ही छोटा पट मांडला. मी त्याला माझं एच३ चं पान दाखवलं. सातव्या चालीला एच५, इथवर आमचं एकमत. मग पांढरा उंट जी५ वर आणतो, एफ६ चा घोडा मारतो, काळा वजिराने तो उंट घेतो आणि पांढरा स्वतःचा घोडा डी५ वर बसवतो. काळ्याकडे दोन उंट राहतात, पण डी५ चा घोडा सगळ्या पटावर नजर ठेवून असतो. मी वजीर डी८ वर परत नेतो. तो म्हणाला, परत नेण्यापेक्षा उंटाने तो घोडाच मारून टाकला तर? दोन उंटांची मिजास सोडायची, पण डी५ चा त्रास संपतो. आम्ही चार-पाच चाली पुढे गेलो, मग एक चाल मागे, मग पुन्हा पुढे. तेवढ्यात पुढच्या फेरीची घंटा झाली. ती वाट मी पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतली आहे, खाली तारीख टाकून. या रविवारचा पाऊण तास तिच्यासाठी.